स्टुटगार्ट, सिंगापूर की कॅनडा? आधी तिच्या पदवीचं काय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: नवरा २९ वर्षांचा, पुण्यात गाड्यांच्या एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये कामाला. बायको २८ वर्षांची, मूळची कोल्हापूरची, बीडीएस झालेली, म्हणजे दातांची डॉक्टर, पुण्यात दोन क्लिनिकमध्ये टक्केवारीवर काम करते. मूल अजून नाही, पण दोन-तीन वर्षांत हवं आहे. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची वर्षाला ५६,००० युरोंची ऑफर हातात आहे. सिंगापूरहून तोंडी होकार आहे, तिथे पगार जास्त आणि कर कमी. टोरांटोला मामेबहीण आहे, ती म्हणते इकडेच या, पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळून जाईल. ऑफरला दहा दिवसांत उत्तर द्यायचंय. कुठे जावं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुमच्या पगाराचे, कराचे, बचतीचे आकडे भरपूर आहेत. पत्नीबद्दल मात्र एकच वाक्य आहे: "तिचं काय ते तिकडे गेल्यावर बघू." तुमचा निर्णय याच वाक्यावर अडलेला आहे, असं मला वाटतं.

भारतातून जर्मनीत येणाऱ्या कुटुंबांचे परवाने, घर, नोकरी ही कामं मी करते. जी जोडपी नाराज होऊन परत जातात, ती थंडीमुळे किंवा जेवणामुळे क्वचितच जातात. एकाचं काम सुरू होतं आणि दुसरा शिकलेला, कमावता माणूस दोन-तीन वर्षं घरात बसून राहतो, हे त्यांच्या परतीचं खरं कारण असतं. बहुतेक वेळा हा दुसरा माणूस बायको असते. सॉफ्टवेअरचं काम कुठेही नेता येतं. तुम्ही लिहिलेला कोड पिंपरीत चालतो तसा जर्मनीतही चालतो. दातांच्या डॉक्टरचं तसं नाही. तिला प्रत्येक देशात परवाना नव्याने मिळवावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत ती कायद्याने डॉक्टर नसते. म्हणून ज्याचं काम सहज हलत नाही, त्याच्या बाजूने देश निवडायचा. तुमची नोकरी तिन्ही ठिकाणी लागेल. तिची कुठे आणि किती वर्षांत लागेल, हे आधी मांडून बघा.

सिंगापूर मी लवकर निकालात काढते. तुम्ही एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, गेलात तर ती डिपेंडंट पासवर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्या परवान्यावर, येईल. मे २०२१पासून या पासवर नुसतं परवानगीपत्र घेऊन नोकरी करता येत नाही. तिला स्वतःचा वर्क पास लागतो, म्हणजे मालकाने तिच्यासाठी वेगळा अर्ज करायला हवा. शिवाय परदेशी दंतवैद्यांसाठी तिथल्या डेंटल कौन्सिलची मान्य पदव्यांची यादी असते. तिची पदवी त्या यादीत आहे का, ते आज संध्याकाळीच पाहा. नसेल तर तिथे दंतवैद्य म्हणून उभं राहणं फार अवघड आहे. तुमची नोकरी गेली की तुमचा पास जातो आणि तिचा डिपेंडंट पासही जातो. पीआर मिळणं सरकारच्या मर्जीवर असतं, त्याचं ठरलेलं वेळापत्रक नाही. आणि मुलाचा विचार आहे म्हणून सांगते: आई-वडिलांमुळे ज्या मुलग्याला पीआर मिळतो, त्याला पुढे तिथली सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. दोन-तीन वर्षं पैसे साठवून परतायचं ठरलेलं असेल आणि ती मनापासून तयार असेल, तर सिंगापूर उत्तम शहर आहे. तुमच्या पत्रात मात्र "कायमचं स्थायिक" हे शब्द आहेत.

कॅनडाची मोठी जमेची बाजू अशी की पीआर मिळाला तर तो पहिल्या दिवसापासून दोघांचा, एकमेकांवर न अवलंबणारा. ती कुठेही, कोणाकडेही काम करू शकते. पण "पीआर मिळून जाईल" हे तुमच्या मामेबहिणीच्या वेळचं वाक्य आहे. एक्स्प्रेस एन्ट्री, म्हणजे गुणांवर पीआरसाठी निवड करायची तिथली पद्धत, तिच्या सर्वसाधारण फेऱ्यांत २०२४मध्ये गुणांची रेषा ५००च्या वर राहिली. नोकरीच्या ऑफरला मिळणारे जादा गुण मार्च २०२५मध्ये बंद झाले. २९व्या वर्षापर्यंत वयाचे पूर्ण गुण मिळतात, तिशीपासून ते दर वर्षी कमी होत जातात.

इथे एक गोष्ट बहुतेक जोडप्यांच्या लक्षात येत नाही. मुख्य अर्जदार नवराच असायला हवा असं काही नाही. आरोग्य व्यवसायांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्या यादीत दंतवैद्य राहिले आहेत. यादी बदलत असते, म्हणून अर्जाच्या वेळची यादी पाहा. पण गुणांची बेरीज दोन्ही बाजूंनी करून बघा: एकदा तुम्ही मुख्य अर्जदार धरून, एकदा ती धरून. दोघांनीही आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्या. लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७ हे लक्ष्य ठेवा, कारण तिथे गुणांची मोठी उडी असते.

मात्र पीआर मिळाला म्हणजे दवाखाना उघडला असं नाही. भारतातल्या बीडीएसला कॅनडात पदवी समकक्ष ठरवून घ्यायला राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात: मूलभूत ज्ञानाची परीक्षा, क्लिनिकल निर्णयक्षमतेची परीक्षा आणि मग प्रत्यक्ष हातकामाची. सगळ्यांची मिळून फी हजारो डॉलरमध्ये. दुसरा मार्ग म्हणजे तिथल्या विद्यापीठात दोन-तीन वर्षांचा पूरक अभ्यासक्रम, आणि त्याची फी ऐकून पुण्यातला फ्लॅट विकायचा विचार मनात येतो. इंग्रजी येतं म्हणून इंग्रजी देश सोपा, हा हिशोब दंतवैद्याला लागू पडत नाही. इंग्लंडला परदेशी दंतवैद्यांसाठी ओआरई ही परीक्षा आहे, तिच्या जागा मिळवायला झटापट होते. ऑस्ट्रेलियात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही आहेत. अमेरिकेत बहुतेकांना पुन्हा दोन-तीन वर्षं डेंटल स्कूलला बसावं लागतं. तिथे तुम्ही एच-वन-बीवर गेलात तर तुमचं ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्याला पोहोचेपर्यंत तिला काम करायची मुभाही नसते.

आता जर्मनी. तुमच्या ऑफरवर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, मिळायला अडचण दिसत नाही. २०२६साठी सर्वसाधारण पगारमर्यादा ५०,७०० युरो आहे. आयटी आणि इंजिनीअरिंगसारख्या टंचाईच्या क्षेत्रांना ती साधारण ४५,९३४ आहे. तुम्ही दोन्हींच्या वर आहात. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आल्यापासून कुठलीही नोकरी करायची पूर्ण मुभा असते. तुम्हाला बी-वन (मध्यम) पातळीचं जर्मन आलं तर २१ महिन्यांत, नुसतं ए-वन (अगदी सुरुवातीचं) असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. नागरिकत्व ५ वर्षांनी. जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत घेत नाही, म्हणजे त्या दिवशी भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय कार्ड घ्यावं लागेल.

तिच्यासाठी रस्ता लांब आहे, पण तो दिसतो आणि त्यावर चाललेले लोक आहेत. आधी बी-टू पातळीचं सर्वसाधारण जर्मन. मग दंतवैद्यकाची भाषापरीक्षा, जिला सगळे एफएसपी म्हणतात. तिची पातळी सी-वन, म्हणजे बी-टूच्याही वरची, असते. त्याबरोबर पदवीची तुलना होते, आणि ती कमी भरली तर ज्ञानपरीक्षा, म्हणजे केपी. हे सगळं पार पडलं की अप्रोबाट्सिओन, म्हणजे कायमचा परवाना. दरम्यानच्या काळासाठी बेरूफ्सएरलाउबनिस नावाचा तात्पुरता परवाना मिळू शकतो, जास्तीत जास्त दोन वर्षांचा. त्यावर तिला वरिष्ठांच्या देखरेखीखाली खुर्चीवर काम करता येतं. तुमच्या भागासाठी हे काम स्टुटगार्टच्या रेगिरुंग्सप्रेझिडियुम या सरकारी कार्यालयाकडे आहे. अर्ज भारतातूनही करता येतो.

एफएसपी म्हणजे काय ते जवळून सांगते, कारण बहुतेक जण तिला व्याकरणाची परीक्षा समजतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. पहिल्यात परीक्षक रुग्ण होऊन समोर बसतो. गार पाणी प्यायलं की खालच्या डाव्या बाजूला कळ जाते, परवापासून गाल सुजलाय, असं तो घाईघाईने, कधी बोलीभाषेत सांगतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे तो आपणहून सांगत नाही, ते विचारून काढावं लागतं. दुसऱ्या भागात तेच सगळं वैद्यकीय पत्रात लिहायचं. तिसऱ्यात वरिष्ठ डॉक्टरसमोर केस मांडायची, तीही शास्त्रीय शब्दांत, आणि त्याच्या उलटप्रश्नांना उत्तरं द्यायची. म्हणजे रुग्णाशी एक जर्मन, डॉक्टरशी दुसरं. हे क्लासमध्ये बसून येत नाही. त्यासाठी क्लिनिकमध्ये कान उघडे ठेवून उभं राहावं लागतं. म्हणूनच बऱ्याच जणी आधी काही महिने डेंटल असिस्टंट म्हणून काम करतात. स्वतः रूट कॅनल करणाऱ्या मुलीने दुसऱ्याला सक्शन धरून उभं राहायचं, हे मनाला लागतं. तिच्याशी हे आत्ताच स्पष्ट बोला. ज्यांनी ते सहा महिने काढले, त्यांची एफएसपी सोपी गेलेली मी पाहिली आहे.

वेळेचा प्रामाणिक अंदाज द्यायचा तर शून्यापासून बी-टूपर्यंत नेटाने केलं तर वर्षभर, कधी सव्वा वर्ष. पुढे अर्ज, एफएसपी, केपी धरून आणखी दीड-दोन वर्षं. कॅनडातही परीक्षांना साधारण एवढाच वेळ जातो, पण तिथे तो काळ तुम्ही स्वतःच्या खिशातून काढता. जर्मनीत भाषेचे बरेच अभ्यासक्रम सरकारी अनुदानावर मिळतात आणि तुमच्या आरोग्यविम्यात ती कमाई नसताना वेगळा हप्ता न भरता येते.

आता पैसे. ५६,०००वर, ती कमावत नसताना आणि तुम्ही तिसऱ्या करवर्गात, म्हणजे एकाच्या कमाईवरच्या जोडप्यांच्या कमी करवाल्या वर्गात, असताना, महिन्याला हातात साधारण ३,३०० युरो पडतील. ती तिथे राहायला आल्याशिवाय हा करवर्ग मिळत नाही. तोवर तीनशे-साडेतीनशे कमी धरा. स्टुटगार्ट परिसरात जर्मन मोजणीचं दोन खोल्यांचं घर, म्हणजे आपलं वन बीएचके, हीटिंग धरून ११०० ते १४०० युरोंना मिळेल. सुरुवातीला तीन मूळ भाड्यांपर्यंत अनामत द्यावी लागते. आणि घरात ओटा, सिंक, शेगडी नसण्याची शक्यता धरूनच चला. रिकाम्या भिंतीतून नळाचे पाइप बाहेर आलेले बघून आपली माणसं हबकतात, पण इथे स्वयंपाकघर भाडेकरूने आणायची पद्धत जुनी आहे. एका पगारात नीट राहता येतं, थोडं शिल्लक पडतं. घरी मोठी रक्कम पाठवायची असेल तर ते जमणार नाही. त्या बाबतीत सिंगापूर पुढे आहे.

धोक्याची बाजूही सांगते, कारण ती तुमच्याच क्षेत्रातली आहे. जर्मन वाहनउद्योग सध्या कपातीच्या काळातून जातोय. बॉशने सप्टेंबर २०२५मध्ये सुमारे १३,००० नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने त्याआधीच २०२८पर्यंत १४,०००पर्यंत कपातीचं सांगितलं होतं. स्टुटगार्टची पोटापाण्याची सोय याच उद्योगावर आहे. म्हणून कंपनीला विचारा: करार कायम आहे की मुदतीचा? कुठल्या प्रकल्पावर घेताय, आणि त्याचा ग्राहक कोण? प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. बेकारी भत्ता मिळायला १२ महिन्यांची वर्गणी भरलेली लागते. म्हणजे पहिलं वर्ष नाजूक असतं. त्या वर्षासाठी सहा महिन्यांचा दोघांचा खर्च आणि परतीची तिकिटं एवढी रक्कम भारतातल्या खात्यात बाजूला ठेवा. नोकरी गेलीच तर दुसरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. तेवढ्यात मेडिकल उपकरणं किंवा रेल्वेच्या कंपनीत जाता येईल असं काम आत्तापासून हाताखालून जाऊ द्या. गाडीबाहेरही लागणारी सुरक्षामानकं, रिअल-टाइम सिस्टिम, हे तुमच्या सीव्हीत ठळक असू द्या.

आणखी एक बाब, जी नवऱ्याला सांगताना समोरच्याचा चेहरा पडतो, पण सांगायलाच हवी. जर्मनीत सुरुवातीला तिचा परवाना तुमच्या नात्यावर उभा असतो. साधारणपणे तिथे तीन वर्षं संसार झाल्यावरच तिला स्वतंत्र राहण्याचा हक्क मिळतो. ती स्वतः काम करू लागली, स्वतःच्या पात्रतेवर परवाना घेतला, की हा प्रश्नच उरत नाही. तिच्या भाषेवर खर्च करायला सांगते त्यामागे हेही एक कारण आहे. तिला स्वतःच्या नावाचं बँक खातं पहिल्या आठवड्यात उघडू द्या.

आता कागद. आपल्याकडच्या मुलींचा यात फार वेळ जातो. विद्यापीठाच्या पदवीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आधार कार्डावर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. जर्मन अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं होतात. तिने पासपोर्टवरचं नाव अजून बदललं नसेल तर बदलू नका. पदवी, डेंटल कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट यांवर माहेरचंच नाव एकसारखं असणं सगळ्यात सोयीचं. बदललं असेल तर नावबदलाचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र काढून ठेवा. सासूबाईंना वाईट वाटेल अशी काळजी असेल तर तुम्ही त्यांच्याशी बोला, तिच्यावर सोडू नका.

निघण्याआधी तिने हे मिळवायचं: महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचं गुड स्टँडिंग, म्हणजे नोंदणी चालू आणि निष्कलंक असल्याचं, प्रमाणपत्र (ते फार जुनं चालत नाही, म्हणून शेवटी काढा), इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, चारही वर्षांच्या गुणपत्रिका, आणि प्रत्येक विषयाचे तास दाखवणारा, कॉलेजच्या शिक्क्याचा अभ्यासक्रम. या शेवटच्या कागदासाठी कॉलेजच्या कार्यालयात चकरा होतात. कोल्हापूरला जाईल तेव्हा अख्खा एक दिवस त्यासाठीच काढा. जर्मनीतून फोनवर हे काम होत नाही. आणि क्लिनिकचा अनुभव. टक्केवारीवर काम करणाऱ्या असोसिएटला नेमणूकपत्र मिळालेलं नसतं, पैसे कधी रोख, कधी यूपीआयने. दोन्ही डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: तारखा, आठवड्याचे तास, कोणती कामं स्वतंत्रपणे केली. यापुढचे पैसे खात्यातच घ्या आणि दोघांचंही आयकर विवरणपत्र भरा. कॅनडाच्या अर्जालाही हेच कागद लागतात.

तर माझं मत: स्टुटगार्टची ऑफर घ्या, पण तिला जर्मन शिकायची मनापासून तयारी असेल तरच. आज रात्री तिला हे विचारा, आणि "तू म्हणशील तसं" हे उत्तर चालणार नाही असंही सांगा. तिला दंतवैद्यकच करायचं आहे का, हेही विचारा. काही जणींना खुर्चीचा कंटाळा आलेला असतो आणि डेंटल उपकरणांच्या कंपनीत किंवा सार्वजनिक आरोग्यात जायचं असतं. मग हा सगळा हिशोब बदलतो. भाषा नकोच असेल तर कॅनडासाठी वर्षभर तयारी करा आणि तोवर पुण्यातच राहा. सिंगापूरला वैतागून जाऊ नका.

ती तयार असेल तर तुम्ही आधी जा, ती सहा-आठ महिने मागे राहील. हे ऐकायला जड वाटतं, लग्नाला थोडेच दिवस झालेत. पण त्या काळात ती पुण्यात क्लिनिक चालू ठेवून मॅक्सम्युलर भवनात किंवा चांगल्या खाजगी क्लासमध्ये बी-वनपर्यंत पोहोचेल, कागद जमवेल, आणि तुमचं प्रोबेशन संपत आलेलं असेल. दोघं एकदम गेलात तर तुमच्या नव्या नोकरीची, घर शोधण्याची आणि तिच्या रिकाम्या दिवसांची ओढाताण एकाच हिवाळ्यात येते. कॅनडाची प्रोफाइलही या काळात बनवून ठेवा, ती तुमच्या आड येत नाही. स्टुटगार्टला मराठी घरं बरीच आहेत, गणपती होतो, दिवाळीचा फराळ मिळतो. तिथे जरूर जा. मात्र आठवड्यातले निदान दोन दिवस ती फक्त जर्मन माणसांत असेल अशी सोय करा, क्रीडामंडळ असो, चर्चचं कॅफे असो की शेजारच्या आजी.

दहा दिवसांच्या मुदतीबद्दल. एचआरला उद्याच लिहा: ऑफरमध्ये रस आहे, तीन गोष्टींचं लेखी उत्तर हवं. करार कायम की मुदतीचा, स्थलांतराचा खर्च किती आणि पहिल्या दोन महिन्यांचं घर मिळेल का, आणि पत्नीच्या भाषाशिक्षणासाठी कंपनी काय देते. हा तिसरा प्रश्न विचारायला संकोच करू नका. मोठ्या कंपन्यांत यासाठी तरतूद असते आणि जो मागतो त्यालाच ती मिळते. उत्तर यायला वेळ लागला तर आठवडाभराची मुदतवाढ मागा. त्यामुळे सहसा कोणी ऑफर मागे घेत नाही. उत्तरं आली की मला कळवा, करारातली कलमं आपण एकत्र बघू. त्या बोलण्याला तिलाही बसवा.